खेळाचा वेग ठरतो तांब्याच्या रेघांवर

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या केव्हिन बेट्सने चक्क टेट्रिस खेळता येईल असं व्हिजिटिंग कार्ड बनवलं. त्यातूनच पुढे ‘आर्डुबॉय’ हा क्रेडिट कार्डाएवढा गेम-कन्सोल जन्मला. त्याचे मुख्य भाग सुटे मिळतात, त्यामुळे अनेक हौशी मंडळी घरच्या घरी त्यासारखा कन्सोल तयार करतात. त्यासाठी लागणारा सर्किट बोर्ड, म्हणजे पीसीबी, आखणं हा विज्ञानाचा सुंदर धडा आहे.

या कन्सोलमधला एटीमेगा ३२यू४ हा मायक्रोकंट्रोलर १६ मेगाहर्ट्झवर चालतो. त्याची रॅम जेमतेम अडीच किलोबाइट. पडदा १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. एका ठिपक्याला एक बिट धरला, तर एका चित्राला १,०२४ बाइट लागतात. म्हणजे ४० टक्के रॅम तिथेच संपते.

घरगुती बोर्डासाठी असा छोटा ओलेड पडदा दोन प्रकारांत मिळतो. ‘आय-स्क्वेअर-सी’ प्रकाराला वीजपुरवठा धरून चारच जोडण्या लागतात, ‘एसपीआय’ला साधारण सात. आखणाऱ्याला पहिला सोपा वाटणारच. पण हिशेब मांडून पाहा. पहिल्या प्रकारात ४०० किलोहर्ट्झ वेगाने, प्रत्येक बाइटमागे ९ बिट धरून, पूर्ण चित्र पाठवायला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. सेकंदाला ६० चित्रं हवीत, तर एका चित्राच्या वाट्याला १७ मिलिसेकंदही येत नाहीत. एसपीआय हेच काम ८ मेगाहर्ट्झवर साधारण एका मिलिसेकंदात उरकतं. तीन जादा रेघा आखल्या, की उरलेला वेळ खेळाला मिळतो.

बटणांच्या बाबतीत मात्र चिपच मदतीला येते. बटण दाबलेलं नसताना पिन ‘वर’ धरून ठेवणारे पुल-अप रेझिस्टर तिच्या पिनांमध्येच असतात, ते बाहेरून जोडावे लागत नाहीत. त्यामुळे कन्सोलच्या सहाही बटणांचं एक टोक आपापल्या पिनेला आणि दुसरं सामाईक ग्राउंडला जोडलं, की काम झालं. एकाच बाजूला तांबं असलेल्या बोर्डावर रेघा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. तिथे ही बचत मोलाची ठरते. तरीही वाट अडलीच, तर वरून तारेचा जंपर टाकायचा.

रेघांचा आराखडा लेझर प्रिंटरच्या टोनरने तांब्यावर उतरवला, की फेरिक क्लोराइड उघडं तांबं विरघळवतं आणि टोनरखालच्या रेघा तेवढ्या उरतात. हे काम हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नये. बॅटरी जोडण्यापूर्वी प्लस आणि ग्राउंड शॉर्ट नाहीत ना, हे मल्टिमीटरने तपासावं.

विजेचे नियम, वेळेचं गणित आणि रसायनशास्त्र इथे एकाच कामात भेटतात. असा बोर्ड शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी स्वतः आखावा, कारण त्यावरच्या प्रत्येक रेघेचं कारण त्यांना स्वतः शोधावं लागतं.