पक्षाघातानंतरचे पुनर्वसन रुग्णालयातच सुरू होते

नवी दिल्ली : पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण वाचला, की व्यायामाचे घरी गेल्यावर पाहू, असा विचार अनेक कुटुंबांत केला जातो. प्रत्यक्षात पुनर्वसनाचे काम प्रकृती स्थिर होताच रुग्णालयातील खाटेवरच सुरू होणे आवश्यक असते. मेंदूचा मृत झालेला भाग पुन्हा जिवंत होत नाही. मात्र उरलेल्या चेतापेशी नव्या जोडण्या करून त्याचे काही काम उचलू शकतात. ही क्षमता पहिल्या काही आठवड्यांत व महिन्यांत सर्वाधिक असते.

सर्वप्रथम प्रश्न येतो तो गिळण्याचा. घशाचे स्नायू दुर्बळ झाल्यास पाण्याचा घोटही श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. काही रुग्णांना अशा वेळी ठसकाही लागत नाही. त्यामुळे गिळण्याची तपासणी होईपर्यंत नातेवाइकांनी रुग्णाला चमचाभर पाणीही पाजू नये. कोणते अन्न, किती घट्ट आणि कोणत्या स्थितीत बसवून द्यावे, हे वाचा-उपचारतज्ज्ञ ठरवतात. बोलणे हरपलेल्या रुग्णाशी खुणा, चित्रे वा लहान वाक्यांच्या साहाय्याने संवाद साधण्याची पद्धतही तेच शिकवतात.

फिजिओथेरपिस्टचे काम रुग्णाला कुशीवर वळवणे, सांधे आखडू न देणे व छाती मोकळी ठेवणे येथून सुरू होते. त्यानंतर बसणे, तोल सांभाळणे, उभे राहणे असे टप्पे येतात. रुग्णाला उठवताना लुळा हात धरून ओढल्यास खांद्याचा सांधा निसटू शकतो, याची जाणीव ते कुटुंबीयांना करून देतात.

व्यवसायोपचारतज्ज्ञ दात घासणे, सदरा घालणे, जेवणे अशा दैनंदिन क्रियांचा सराव करून घेतात. काही रुग्णांना शरीराच्या एका बाजूचे भानच राहत नाही आणि ताटाच्या त्या बाजूचे अन्न तसेच उरते. हा दोषही ते हेरतात. भारतात व्यवसायोपचाराचे पहिले विद्यालय कमला निंबकर यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले.

लवकर सुरुवात म्हणजे घाई नव्हे. पाच देशांतील २,१०४ रुग्णांवर झालेल्या ‘अव्हर्ट’ चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर २४ तासांच्या आत उठवून अधिक वेळा व अधिक काळ हालचाल करायला लावलेल्या रुग्णांची तीन महिन्यांनंतरची स्थिती, नेहमीचे उपचार मिळालेल्या रुग्णांच्या तुलनेत कमी समाधानकारक आढळली. त्यामुळे केव्हा उठवायचे आणि किती हालचाल करायची, याचा निर्णय उपचार करणाऱ्या चमूवर सोपवणेच योग्य ठरते.

रुग्णाला घरी नेण्यापूर्वी कुटुंबीयांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : आहार कसा द्यावा, उठवावे-बसवावे कसे आणि पुढील उपचार कोठे व किती दिवसांनी घ्यावेत.