परक्याच्या घरासाठी घाम

लोणावळ्याजवळ पाटण गाव आहे. तिथे २००६ साली शंभर घरांचे काम निघाले. देशोदेशीची माणसे राबायला आली. त्यांत अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर होते. वय ८२ बरं का!

हे काम हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेचे. फुलर नावाच्या ख्रिस्ती नवराबायकोने ती १९७६ साली अमेरिकेत काढली. घर फुकट नाही. घरच्यांनीही राबायचे, पैसे हप्त्याने फेडायचे.

आता, आठवडाभरात पाहुण्याला गवंडीकाम काय येणार? ओळंबा गवंड्यानेच धरावा. पाहुण्याने विटा द्याव्या, घमेली उचलावी. विमानाच्या भाड्यात गावचे गवंडी कितीतरी दिवस राबले असते, असे आम्हाला वाटते. पण घमेल्यांच्या रांगेत घरधनीणही उभी असते. तिच्या हातून पाहुण्याच्या हाती, असे घमेले भिंतीपर्यंत जाते.