खबर, खजूर आणि मोबाइल

रमजानात आमच्या घरात पहाटेचा पहिला आवाज भांड्यांचा असतो आणि दुसरा मोबाइलचा. इकडे चहाचं आधण ठेवलं जातं, तोवर तिकडे नातेवाइकांच्या ग्रुपवर संदेश सुरू होतात. दुआ, शुभेच्छा, खजुराची चित्रं आणि सहरी-इफ्तारचं वेळापत्रक. रोजा सुरू होण्याआधीचं जेवण ती सहरी आणि सूर्य मावळल्यावर रोजा सोडायचा तो इफ्तार. दोन्ही मिनिटांवर चालतात, म्हणून वेळापत्रकाला फार मान.

दोन वर्षांपूर्वी असंच एक देखणं वेळापत्रक मी घाईघाईत पुढे पाठवलं. आमच्या वयस्कर खालांनी, म्हणजे मावशींनी, त्याबरहुकूम शेवटच्या मिनिटापर्यंत पाणी प्यायलं. नंतर लक्षात आलं, वेळापत्रक मुंबईचं होतं. घड्याळ साऱ्या देशाचं एक असलं तरी सूर्य प्रत्येक गावाला आपापल्या वेळेला उगवतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, असा हिशेब. धाराशिव मुंबईच्या पूर्वेला तीन अंशांहून थोडं जास्त. म्हणजे आपल्याकडे मुंबईच्या बारा-तेरा मिनिटं आधी उजाडतं आणि तेवढंच आधी मावळतं. खालांचा तो रोजा हिशेबात धरता येईना. ईदनंतर त्यांनी एक जादा रोजा धरून त्याची भरपाई केली, आमच्या भाषेत कजा केली. मी माफी मागायला गेलो, तर हसून म्हणाल्या, "अरे बाबा, मोबाइल मुंबई का होयेंगा, सूरज तो अपने गाँव का है ना!"

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वेळापत्रकात एकही आकडा खोटा नव्हता. खबर खरी होती, फक्त आपल्या गावाची नव्हती. तेव्हापासून रमजानात मी एक सवय लावून घेतली आहे. दिवसभरात मोबाइलवर जे काही येईल, त्यातलं निदान तीन-चार गोष्टींच्या मुळाशी जायचं. उपाशीपोटी वेळही बराच असतो! परवाच्या एका दिवसाची ही जमाखर्चाची वही.

सकाळी कॉलेजला निघताना एका विद्यार्थ्याने पंधरा सेकंदांची चित्रफीत पाठवली. नळदुर्गच्या किल्ल्यातले नर आणि मादी धबधबे, पाठीमागे सिनेमाचं गाणं. दृश्य सुंदर, पण त्या पंधरा सेकंदांत एक गोष्ट राहून गेली. हे धबधबे माणसाने घडवलेल्या बांधावरून कोसळतात. बोरी नदी किल्ल्यात अडवून हा बांध घातला गेला तो विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, सतराव्या शतकाच्या आरंभी. बांधाच्या पोटातच पाणीमहाल आहे. डोक्यावरून पाणी वाहत असताना आत माणूस कोरडा उभा राहू शकतो. हाच इब्राहिम संगीतवेडा होता. त्याने दख्खनी भाषेत 'किताब-ए-नौरस' नावाचा गीतांचा ग्रंथ रचला. त्यात सरस्वती आणि गणपतीविषयीचा आदर आहे, तसाच गुलबर्ग्याच्या ख्वाजा बंदेनवाजांविषयीचाही. प्रजा त्याला जगद्गुरू म्हणे. मी विद्यार्थ्याला एवढंच उत्तर पाठवलं, "धबधबा पाहिलास, आता बांध कुणी बांधला तेही पाहा." दुपारी तो स्टाफरूममध्ये येऊन 'किताब-ए-नौरस' कुठे वाचायला मिळेल, म्हणून विचारून गेला.

दुपारी दुसरा संदेश आला. तो आपल्या जिल्ह्याची मान उंचावणारा होता. इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेली हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरलाच घडली, असं त्यात ठासून लिहिलं होतं. खरं सांगतो, वाचून छाती फुगली. बोट 'पुढे पाठवा'वर गेलंही होतं. पण खाला आठवल्या आणि शोधायला बसलो.

त्यातला बराच भाग पक्का आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासग्रंथात त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, असं तो सांगतो. इथला कपडा गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जाई. पाँपेई इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, आणि ती मूर्ती 1938 मध्ये तिथे उकरून निघाली. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तेरला मिळाली, तशीच जालन्याच्या भोकरदनलाही. इथवर ठीक. पण पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेलं आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. त्यामुळे ती नेमकी कुठे घडली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणजे 'तेरशी नातं दिसतं' हे खरं, 'तेरलाच घडली' हे अजून सिद्ध व्हायचं आहे. नावडती खबर आपण दहादा तपासतो आणि आवडती तशीच गिळतो. रोजात गिळायला मनाई असते, हे त्या दिवशी कामी आलं.

तिसरी गोष्ट तिसऱ्या प्रहरीची, असरच्या नमाजाआधीची. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर एक लेख समोर आला. त्यात रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी होता. तो लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. त्याच्या माणसांनी जे केलं, ते या भागातल्या जुन्या घरांना विसरता येणार नाही आणि कुणी विसरायला सांगूही नये. पण त्याच शोधात आणखी एक नाव आलं, शोएबुल्ला खान. हैदराबादचा तरुण उर्दू पत्रकार. 'रय्यत' बंद पडल्यावर त्याने 'इमरोज' हे दैनिक काढलं. इमरोज म्हणजे 'आज'. संस्थान भारतात विलीन व्हावं, असं तो उघडपणे लिहीत होता. ऑगस्ट 1948 मध्ये रात्री घरी परतताना त्याला रस्त्यात गाठून मारलं आणि लिहिणारा हात तोडला. वय तिशीच्या आत. महिनाही झाला नव्हता, तोच 17 सप्टेंबर उजाडला.

दर सप्टेंबरात माझ्या मोबाइलवर पहिलं नाव अनेकदा येतं. दुसरं नाव मला स्वतःला शोधावं लागलं, तेही मी उर्दू जाणणारा, इथलाच असून. पहिलं नाव पुसायचं नाही. फक्त दुसरं त्याच्या शेजारी लिहायचं. अर्धी खबर खोटी नसते, पण ती पुरीही नसते. शोएबुल्लाची गोष्ट मी माझ्या मुलीला मराठीत सांगितली. तिने विचारलं, "अब्बा, त्यांना माहीत होतं का, मारतील म्हणून?" धमक्या आल्या असणार, असं म्हणून मी गप्प झालो.

चौथी खबर संध्याकाळची. इफ्तारला अर्धा तास होता. घरात भज्यांचा वास, ताटात खजूर आणि कलिंगडाच्या फोडी. तुळजापूरकडचे एक सहकारी आहेत, त्यांचा फोन आला. "सर, एक व्हिडिओ आलाय. बाजारात मारामारी चाललीय, आपल्याच जिल्ह्यातली म्हणतात. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पोरं तापलीत. तुम्ही बघता का जरा?"

आम्ही दोघांनी फोनवर बोलत बोलत तो पाहिला. दुकानाच्या पाटीवरची लिपी ना मराठी, ना उर्दू, ना इंग्रजी. माणसांच्या अंगात जाड स्वेटर. आपल्याकडे तर डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय दुपारी बाहेर पडवत नाही. दहा मिनिटांत दोघांचीही खात्री पटली, हे आपल्या गावाकडचं नाही. त्यांनी ग्रुपवर तसं लिहिलं. मी आमच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर लिहिलं, कारण तोच व्हिडिओ उलट्या मजकुरासह तिथेही येऊन पडला होता! चित्र एकच, फक्त मार खाणारे आणि मारणारे अदलाबदल केलेले. रात्री सहकाऱ्यांचा संदेश आला, "पोरं शांत आहेत. ईदला शीरखुर्म्याला येतो."

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये एक ताकीद आहे. भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला, तर आधी तिची शहानिशा करा. नाहीतर अजाणतेपणी कुणाला इजा कराल आणि मग पस्तावाल, असा तिचा आशय. पैगंबरसाहेबांच्या एका वचनाचा भाव असा की, जो खोटं बोलणं सोडत नाही, त्याच्या नुसत्या अन्नपाणी सोडण्याची अल्लाहला गरज नाही. लहानपणी मौलवीसाहेब आम्हाला सांगत, रोजा पोटाचाच नसतो, डोळ्यांचा, कानांचा आणि जिभेचाही असतो. आज ते असते, तर त्यांनी अंगठ्याचाही सांगितला असता.

आमच्या वारकरी शेजाऱ्यांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आमच्या एकादशीलाही हेच लागू करा की." करू या. रमजान संपला तरी मोबाइल राहणारच आहे.

मगरिबची अजान झाली. सगळ्यांनी खजूर हातात घेतला. ग्रुपवर मुंबईच्या भाच्याचा संदेश आला, "मामू, हमारा अभी टाइम है." खालांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि बिस्मिल्लाह म्हणून खजूर तोंडात टाकला. खिडकीबाहेर आपल्या गावचा सूर्य मावळला होता.