मोठ्या दाबाचा पंप, कमी दाबाची झीज

गाड्या धुण्याच्या केंद्रावर पाण्याची बंदूक चालवणारा पंप दिसायला किरकोळ असतो. मोटरच्या पट्ट्यावर फिरणारा, पितळी डोक्याचा, तीन दट्ट्यांचा. पण तो पाण्याला 100 ते 150 बार दाब देऊ शकतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज यावा. याच जातीचे, पण थोराड पंप डेअरीत दुधातल्या स्निग्धांशाचे कण बारीक करायला आणि तेलविहीर खोदताना चिखल खाली ढकलायला लागतात. या सगळ्यांत वारंवार बदलावा लागणारा भाग म्हणजे व्हॉल्व्ह.

व्हॉल्व्ह गेला की ठरलेली दोन निदानं होतात. एकतर दाब जास्त झाला, नाहीतर माल डुप्लिकेट निघाला. दोन्ही कधीकधी खरी असतात. पण पुष्कळदा दुखणं पंपाच्या पुढे नसतंच. ते मागे, पाणी आत येतं त्या पाइपात असतं.

प्रत्येक दट्ट्याला दोन व्हॉल्व्ह असतात. दट्ट्या मागे सरकला की आत घेणारा उघडतो, पुढे आला की तो मिटतो आणि बाहेर सोडणारा उघडतो. उघडण्याचं काम पाणी करतं, मिटवायला छोटी स्प्रिंग मदत करते. पंप मिनिटाला 500 फेऱ्यांनी चालला तर आठ तासांत एकेक व्हॉल्व्ह 2 लाख 40 हजार वेळा आपल्या बैठकीवर बसतो. आपल्या हृदयाचे ठोके अख्ख्या दिवसात लाखभर होतात. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात ती ‘लब-डब’ही झडपा मिटतानाचीच.

आता गंमत अशी, की पंप पुढे 150 बारने ढकलत असला तरी उघड्या टाकीतलं पाणी त्याच्यात शिरतं ते मुख्यतः वातावरणाच्या एका बारच्या जोरावर. पाइप लांब, अरुंद आणि चार वळणांचा असेल, किंवा गाळणी तुंबली असेल, तर तो एक बार वाटेतच खर्च होतो. शिवाय या पंपात पाण्याचा प्रवाह सारखा कमी-जास्त होतो. पाइपातल्या पाण्याला दर वेळी नव्याने वेग द्यायलाही दाब लागतो. मग दट्ट्यासमोरचा दाब इतका उतरतो की पाणी न तापताच उकळतं. 30 अंश तापमानाच्या पाण्याला उकळायला वातावरणाच्या चोविसाव्या हिश्शाएवढा दाब लागतो. पाणी 60 अंशांवर असेल, तर दाब पाचव्या हिश्शावर आला तरी पुरतं.

त्यातून वाफेचे बुडबुडे तयार होतात. दाब परत वाढला की ते फुटत नाहीत, आतल्या आत कोसळतात, आणि कोसळताना पाण्याची अतिसूक्ष्म धार धातूवर आपटते. पोलादावर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. चार्ल्स पार्सन्स यांच्या 1894च्या ‘टर्बिनिया’ या नौकेचा वेग सुरुवातीला याच बुडबुड्यांनी रोखला होता. बुडबुडा कोसळताना किती दाब निर्माण होतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं. दट्ट्यासमोरची जागा पुरती भरलेली नसली तर आणखी एक गोष्ट होते. परतणारा दट्ट्या मध्येच पाण्यावर आदळतो आणि व्हॉल्व्ह बैठकीवर धाडकन बसतो.

म्हणून उपाय मागून सुरू करायचा. टाकी पंपाजवळ आणि पंपापेक्षा उंच हवी. येणारा पाइप आखूड आणि पंपाच्या तोंडापेक्षा रुंद हवा. त्याच्या जोडातून हवा शिरता कामा नये. बंदुकीचा घोडा सोडल्यावर पाणी बायपासमधून मागे फिरतं. ते थेट आत येणाऱ्या पाइपात सोडलं, तर तेच पाणी फिरत राहून काही मिनिटांत तापतं. त्याला टाकीत सोडावं. पुढच्या बाजूला दाबाचा गेज बहुतेक पंपांना असतो, मागे क्वचितच. माझ्या मते तो मागे जास्त गरजेचा आहे.

बोअरच्या पाण्यातली बारीक वाळू हा दुसरा शत्रू. कण व्हॉल्व्ह आणि बैठकीत चिरडला की चरा पडतो आणि चऱ्यातून पाणी मागे निसटतं. 150 बारला त्या धारेचा वेग ताशी 600 किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. मग चऱ्याची नाली व्हायला वेळ लागत नाही. गाळणी हवीच, पण जाळी फार बारीक आणि आकाराने लहान घेतली तर तीच पंपाला उपाशी ठेवते. मोठी गाळणी घ्यावी आणि ती धुवावी. सिरॅमिक किंवा कार्बाइडचे व्हॉल्व्ह वाळूला दाद देत नाहीत, पण ते ठिसूळ असतात, आदळआपट त्यांना सोसत नाही. स्प्रिंग मऊ पडली असेल तर तीही बदलावी. जुन्या, चरे पडलेल्या बैठकीवर नवा व्हॉल्व्ह बसवणं ही आपल्याकडची लाडकी काटकसर. ती आठवड्या-दोन आठवड्यांत अंगाशी येते.

गेजचा काटा थरथरू लागला, पंपाचा ठोका बदलला, की दुखणं सुरू झालं असं समजावं. मात्र डोकं उघडण्याआधी मोटर बंद करून वीज तोडावी आणि घोडा दाबून उरलेला दाब सोडावा. बाहेरच्या जोडातून पाणी उडत असेल तर ते बोटाने चाचपू नये. ही धार कातडी भेदून आत शिरते. वर टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत बोटाच्या पेशी मरत असतात. पट्टी बांधून घरी जाऊ नये. त्याच तासाला शल्यचिकित्सकाची सोय असलेलं रुग्णालय गाठावं आणि किती दाब होता, पंपात नुसतं पाणी होतं की साबण, तेल की औषध, हे डॉक्टरांना आधी सांगावं.