पक्षाघात की पक्षाघाताचा आभास?

अचानक तोंड वाकडे होणे, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, वाचा जाणे यालाच आपण लकवा किंवा फालिज म्हणतो. वैद्यकीय मराठीत तो पक्षाघात. परंतु अशी लक्षणे असलेला प्रत्येक रुग्ण पक्षाघाताचाच असतो असे नाही. रक्तातील साखर एकदम उतरणे, अपस्माराच्या झटक्यानंतरचा तात्पुरता लुळेपणा, अर्धशिशी, मेंदूतील गाठ यांतही तेच चित्र दिसू शकते. यांना पक्षाघातसदृश विकार म्हणता येईल.

हा भेद उपचारासाठी निर्णायक आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळविणारे अल्टेप्लेज हे औषध शिरेतून देतात. १९९५ च्या अमेरिकन चाचणीत ते पहिल्या ३ तासांत उपयुक्त ठरले. २००८ च्या युरोपीय चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. मात्र १९९५ च्या चाचणीत औषध मिळालेल्यांपैकी ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत प्रकृती बिघडविणारा रक्तस्राव झाला. उलट, मोठी रक्तवाहिनी बंद असता दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ मधील अंदाज आहे. म्हणजे घाईही घातक आणि विलंबही घातक.

येथे प्रतिमाचित्रण साहाय्यास येते. सी.टी. स्कॅन मेंदूतील रक्तस्राव काही मिनिटांत दाखवितो. तसा रक्तस्राव असल्यास हे औषध देता येत नाही. परंतु गुठळीमुळे झालेली इजा पहिल्या तासांत सी.टी.वर बहुधा स्पष्ट दिसत नाही. त्यामुळे निर्दोष सी.टी.वरून पक्षाघात नाही असे ठरत नाही. एम.आर.आय.ची 'डिफ्यूजन' पद्धत अधिक सूक्ष्म आहे. रक्त न मिळालेल्या पेशी सुजतात, त्या जागी पाण्याच्या कणांची हालचाल मंदावते आणि तो भाग लवकरच पांढरा उमटतो. सदृश विकारांत बहुधा असा डाग नसतो, किंवा तो एका रक्तवाहिनीच्या क्षेत्राशी जुळत नाही.

तरीही प्रतिमा हा अंतिम निवाडा नव्हे. मेंदूच्या मागील भागातील लहान पक्षाघात प्रारंभी निसटू शकतो. साखर फार उतरल्यानेही तसाच डाग उमटू शकतो. म्हणूनच औषधापूर्वी बोटाच्या थेंबभर रक्तातून साखर तपासणे अनिवार्य मानतात. सदृश विकारात चुकून औषध दिले गेले तरी रक्तस्राव क्वचितच होतो. त्यामुळे लक्षणे ठळक असल्यास एम.आर.आय.साठी उपचार थांबवीत नाहीत.

नातेवाइकांनी रुग्ण शेवटचा ठीक केव्हा होता ती वेळ, मधुमेहाची औषधे आणि पूर्वीचे झटके एवढे डॉक्टरांना नेमके सांगावे. त्या माहितीशिवाय उत्तम प्रतिमाही अपुरी ठरते.