घरट्यातले परके अंडे

युनिक्स ही संगणकप्रणाली १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मास आली. तिच्या अगदी आरंभीच्या आवृत्त्यांपासून तिच्यात ‘ईटीसी’ नावाचा एक कप्पा आहे. ‘इत्यादी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे हे संक्षिप्त रूप. नाव अडगळीच्या खोलीचे, पण पुढे तीच कारभाऱ्याची कचेरी होऊन बसली! कोणाला आत घ्यावे, कोणते काम केव्हा करावे, यंत्र सुरू होताच काय काय जागे करावे, हे सारे नियम तेथील साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले असतात. युनिक्सच्याच वळणाच्या लिनक्सवर आज बँकांची आणि विद्यापीठांची कितीतरी यंत्रे चालतात, म्हणून हा विषय केवळ तंत्रज्ञांचा उरलेला नाही.

अशा कचेरीत एके दिवशी अनोळखी फाइल आढळली तर काय करावे? घाबरट मनुष्य ती तत्काळ पुसून टाकतो, आळशी मनुष्य ‘चालले आहे ना’ म्हणून तशीच राहू देतो. पहिल्याने पुरावा नष्ट होतो, दुसऱ्याने चोराला घर मोकळे मिळते. आवक नोंदवही सांभाळणारा कारकून मात्र विचारील, की हा कागद कोणी आणला आणि केव्हा? संगणकाला हे विचारता येते. कोणती फाइल कोणत्या आज्ञावलीबरोबर आली याची नोंद प्रणाली ठेवते. पुष्कळदा उत्तर निरुपद्रवी निघते. नवी आवृत्ती बसविताना जुन्या नियमांची प्रत बाजूला ठेवलेली असते. ‘पासवर्ड’ फाइलीच्या नावापुढे आडवी रेघ असलेली प्रतही अशीच जपून ठेवलेली असते.

नावावरून निवाडा करण्याची घाई मात्र नडते. ‘एलडी डॉट एसओ डॉट प्रीलोड’ नावाची फाइल बहुतेक यंत्रांवर नसते. तीत ज्याचे नाव लिहावे ते जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीच्या आधी स्मृतीत शिरते. म्हणून घुसखोरांना ती फार प्रिय. परंतु शाळांतून लोकप्रिय झालेल्या ‘रास्पबेरी पाय’ या छोट्या संगणकाच्या प्रणालीत हीच फाइल निर्मात्यांनी स्वतः घातलेली होती. तारखेवरही विसंबता येत नाही, कारण फाइल शेवटची केव्हा बदलली ही नोंद सहज खोटी करता येते.

१९८६ साली कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाला संगणकाच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत आढळली. दुसरा कोणी ती सोडून देता. स्टोल मागे लागले, तेव्हा कळले की घुसखोर टपाल हलविणाऱ्या एका आज्ञावलीतील उणिवेचा लाभ घेऊन आपली बनावट फाइल प्रणालीच्या राखीव जागेत नेऊन ठेवीत होता. दर पाच मिनिटांनी प्रणाली जी आज्ञावली सर्वाधिकारानिशी आपणहून चालवी, तिच्या जागी त्याची बनावट बसे. कावळीने कोकिळेचे अंडे उबवावे, तशी प्रणालीने ती फाइल इमाने इतबारे चालविली. काम होताच तो मूळ फाइल परत जागेवर ठेवी, की मागमूस उरू नये. स्टोलनी त्याला तत्काळ हाकलून न देता महिनोन् महिने त्याच्यावर पाळत ठेवली. माग अखेर जर्मनीतील हॅनोव्हर शहरापर्यंत पोहोचला. तेथील मार्कुस हेस सोव्हिएत गुप्तहेरखात्याला माहिती विकत होता. १९९० साली तो दोषी ठरला.

१९९२ साली पर्ड्यू विद्यापीठात जीन किम आणि यूजीन स्पॅफर्ड यांनी ‘ट्रिपवायर’ ही आज्ञावली रचली. यंत्र निर्मळ असतानाच प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीचा गणिती ठसा घ्यायचा आणि पुढे वेळोवेळी तो ताडून पाहायचा, अशी तिची रीत. एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. मात्र ही यादी त्याच यंत्रात राहिली, तर घुसखोर तीही दुरुस्त करील. म्हणून ती जेथे कोणालाच लिहिता येत नाही अशा तबकडीवर, यंत्राबाहेर, कुलपात ठेवावी लागते.