बसू की गुडघे टेकू?

बुटीबोरीहून कोलाड म्हणजे महाराष्ट्राचं दुसरं टोक. तिथं भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटलं की कुंडलिका खळाळते. राफ्टिंग करून झालं? मग पुढची पायरी: सेकंडहँड क्रीक कयाकची सी-वन बनवणं!

कयाकमध्ये पाय पसरून बसतात, वल्ह्याला दोन पाती. सी-वनमध्ये गुडघे टेकायचे, पातं एकच. यात वजन वर जातं, बोट डगमगते. म्हणून रुंद, सपाट बुडाची, पोटात भरपूर जागा असलेली बोट बघा. सीट काढून फोमचं खोगीर बसतं.

पण पैसे देण्याआधी जमिनीवरच आत गुडघे टेकून बघा. घोटे मावतात? पट्टे सोडून चटकन बाहेर येता येतं? नसेल, तर कितीही स्वस्त असो, सोडा. उलटलेल्या बोटीत पाय अडकला, तर वाचवलेले पैसे कामी येत नाहीत.